दाखल्यावरचे अप्पा

मल्लेश्वरम, ४ जानेवारी २०२५

तीर्थरूप अप्पा,

रागावलेल्या मुलीचा रागावलेल्या बापाला नमस्कार.

फोन तुम्ही उचलत नाही. आत्याच्या फोनवर केला की ती म्हणते, "अगं, तो अंघोळीला गेलाय." सकाळी करा, दुपारी करा, दिवेलागणीला करा, तुम्ही आपले अंघोळीलाच. आत्याकडे के. आर. पुरमला एवढं पाणी येतं हे मला माहीत नव्हतं. म्हणून पत्र. शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचल्याशिवाय न टाकणारा माणूस मुलीचं पत्र न वाचता टाकेल, हे काही मला पटत नाही. मेट्रोनं तासाभराचा रस्ता, आणि मी पोस्टात उभी राहून तिकीट चिकटवते आहे. हसावं की रडावं ते कळत नाही.

आधी आभार मानते, भांडण मग. तुम्ही तावातावानं पिशवी भरून गेलात, आणि दुसऱ्या दिवशी मी फ्रिज उघडला तर दोशाचं पीठ वाटून ठेवलेलं. गॅसचा नंबर लावलेला. समोरच्या सावित्रीबाईंना सांगून ठेवलेलं, की पोरगी शाळेतून आली की बघा, आई ऑफिसातून येईपर्यंत. रागानं घर सोडणारा माणूस पीठ वाटून जातो असं मी तरी कुठं ऐकलेलं नाही. तुम्हाला धड रुसताही येत नाही.

आता भांडण. मी बोलले काय होते? एवढंच, की माझ्या दिव्यश्रीच्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या जागी तुमचं नाव आहे, ते काढून तिच्या खऱ्या वडिलांचं, वेणूचं, नाव घालायचं आहे आणि त्यासाठी कोर्टात अर्ज देते आहे. तुम्ही ताट बाजूला सारलंत.

माझ्या वकील अंजलीबाई म्हणतात, काय घडलं ते क्रमानं लिहून काढा. ते इथंच लिहिते. तुम्ही वाचा आणि चुकलं असेल तिथं दुरुस्त करा, नाहीतरी दुसऱ्याच्या चुका काढायला तुम्हाला आवडतं.

हॉस्पिटलात फॉर्म मी भरला तो आपल्या रीतीनं. मेघाश्री गुंडूराव सुलाखे. आपल्यात मुलीचं मधलं नाव लग्नाआधी बापाचं, लग्नानंतर नवऱ्याचं. बाळाच्या वडिलांचा रकाना मी रिकामा सोडला होता. वेणू आणि मी तेव्हा बोलत नव्हतो आणि त्याला काही कळवलेलंही नव्हतं. खिडकीतल्या बाईंच्या शेजारी म्हणे कुणी मराठी कुटुंब राहायचं. मराठी बाईच्या नावात मधलं नाव नवऱ्याचं, एवढं त्या बाईंना पक्कं ठाऊक. अर्ध्या हळकुंडानं पिवळ्या झालेल्या त्या बाईंनी रिकामा रकाना बघितला आणि उपकार म्हणून त्यात लिहून टाकलं: गुंडूराव. वडाची साल पिंपळाला. दाखला तुम्ही आणायला गेलात, तुम्ही वाचलात, घडी घालून कपाटात ठेवलात. मी पाहिलं ते पुष्कळ दिवसांनी. तुम्ही म्हणालात, "झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीला नाव आहे ना? राहू दे." मीही राहू दिलं. मला तेव्हा झोप हवी होती, बाकी काही नको होतं.

आता ती मूठ झाकलेली राहत नाही, कारण पोरगी वाचायला लागली. जूनमध्ये पहिलीत घालायची म्हणून मी दाखल्याच्या झेरॉक्स काढून आणल्या, तर ती एक एक अक्षर लावत बसली. मग मला म्हणाली, "अम्मा, बाबाच्या जागेवर अज्जाचं नाव का?" मी काही बोलायच्या आत तिनंच हिशोब केला. "म्हणजे तू माझी अक्का?"

मी हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच.

नोंदणी कार्यालयात विचारलं. तिथं एखादं अक्षर चुकलं असेल तर दुरुस्त होतं. बाप बदलायचा तर कोर्टाचा हुकूम लागतो. वेणू तयार आहे, डीएनए तपासणीही करून देतो म्हणाला. आईबापांचं लग्न झालेलं नसलं तरी मुलाला बापाचं नाव लावायला कायद्याची काही हरकत नाही, असं अंजलीबाई म्हणतात. अडलं आहे ते एकाच माणसापाशी. ज्याचं नाव कागदावर आहे त्यानं समोर येऊन सांगायला हवं, की मी बाप नव्हे. तुम्ही आपणहून आलात तर साधी जबानी. नाही आलात तर समन्स निघणार. मी त्यांना म्हटलं, माझ्या बापाच्या दारात कोर्टाचा माणूस जाणार नाही, थोडा वेळ द्या.

तो वेळ चालू आहे. पीठ संपलं, आणि मी वाटलेलं फुगत नाही.

तुमची,
मेघा

मल्लेश्वरम, २१ जानेवारी २०२५

तीर्थरूप अप्पा,

तुम्ही अंघोळीतून बाहेर आलात हे ऐकून बरं वाटलं. निरोप मिळाला. आत्यानं तुमच्या आवाजातच सांगितला: "आधी लग्न कर म्हणावं, मग वाटेल तिथं सही करतो."

अप्पा, नाही.

हे मी उद्धटपणानं लिहीत नाही. तुम्ही आयुष्यभर संपिगे रोडच्या दुकानात कापड विकलंत. गिऱ्हाईक उगीच भरीला पडलं की तुम्हीच सांगायचात, "अम्मा, हा पदर ह्या अंगाला शोभणार नाही, घेऊ नका." तसंच आहे हे. वेणू आणि मी हेब्बाळला एका घरात राहून बघितलं आहे. एकमेकांच्या सुखदुःखाला आम्ही चांगले आहोत, पण एका छपराखाली आठवडाभरात दोघांची तोंडं दोन दिशांना. तो चांगला माणूस आहे आणि चांगला बाप आहे. नवरा म्हणून तो मला नको आणि बायको म्हणून मी त्याला नको, आणि ह्यात कुणीही कुणाला फसवलेलं नाही. दाखल्यासाठी लग्न लावणं म्हणजे बटणासाठी कोट शिवण्यासारखं होईल.

तुम्हाला तो आवडत नाही असं तुम्ही दाखवता. नावानं कधी हाक मारली नाहीत. "तुझा रविवारवाला आला बघ," एवढंच. पण मी काही आंधळी नाही. दिव्या वर्षाची झाली तेव्हा मी त्याला कळवलं आणि दुसऱ्याच दिवशी तो दारात उभा होता. दार तुम्ही उघडलंत. त्याला वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, "चपला बाहेर काढा. मूल रांगतंय, फरशीला माती लागते." दुसऱ्या कुणी शिव्या घातल्या असत्या, दार लावून घेतलं असतं. तुम्ही चपला काढायला सांगितल्यात, म्हणजे आत या म्हणालात. त्या दिवसाबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत, आज मानते. तेव्हापासून एकही रविवार तो चुकलेला नाही.

बारशाचंही राहिलंय. आई जाऊन इतकी वर्षं झालेली, घरात बाईमाणूस मी एकटी आणि तीही बाळंतीण. तुम्ही सावित्रीबाईंना विचारून विचारून डिंकाचे लाडू वळलेत. ते फोडायला अडकित्ता लागायचा, पण मी सगळे खाल्ले. मी म्हणत होते, बारसं नको, कशाला लोकांना बोलवायचं. तुम्ही अख्खी गल्ली बोलावलीत. पाळण्यापाशी मल्हाररावकाकांनी घसा खाकरून विचारलंच, "गुंडू, पण मुलीचे वडील कोण रे?" मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. तुम्ही हातातलं श्रीखंडाचं पातेलं खाली ठेवलंत आणि म्हणालात, "ज्याला जेवायचंय त्यानं बसावं, ज्याला विचारायचंय त्यानं उठावं." कुणीही उठलं नाही. मल्हाररावकाकांनी तर श्रीखंड दोनदा घेतलं.

असा माझा बाप. त्याला आज कोर्टातल्या चार माणसांची लाज वाटते, हे मला खरं वाटत नाही. काहीतरी वेगळं आहे. काय ते सांगा.

तपासणी झाली. दोघांच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घेतला. दिव्याला खेळच वाटला, तिनं वेणूला परत तोंड उघडायला लावलं. अहवाल आला की वेणूच बाप आहे. तिचं नाक बघून हे मी फुकटात सांगितलं असतं.

तुमची,
मेघा

मल्लेश्वरम, १६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अप्पा,

काल सोयराआत्या येऊन गेली. "देवळात जाते" असं तुम्हाला सांगून आली होती, तर तिच्यावर रागावू नका. येताना कडुबू घेऊन आली आणि दिव्याला मांडीवर घेऊन भरवत बसली. मी लग्नाचा विषय काढला तशी म्हणाली, "अगं खुळे, लग्नाचं कुठलं घेऊन बसलीस? ते तो तोंडदेखलं म्हणतोय. परवा जेवताना मला म्हणाला, 'सोयरा, कागदावरनं नाव गेलं की मग मी त्या घरात कोण गं? बाप तो, आई ती. उद्या त्यांचं जमलं, घेऊन गेले पोरीला, तर मी कुठल्या तोंडानं विचारू?' असं म्हणाला आणि भात तसाच ठेवून उठला."

अप्पा, मला तिच्यासमोर रडू आलं. आणि मग तुमचा इतका राग आला, इतका राग आला, की तुम्ही समोर असता तर मी तुमच्या हातातलं वर्तमानपत्र ओढून घेतलं असतं.

तुम्ही त्या घरात कोण? तिला पहिला दात आला तो तुमच्या बोटाला लागून कळला. मी परत कामावर जायला लागले तेव्हा तुम्ही चालतं दुकान हाताखालच्या गुरुप्रसादच्या हवाली केलंत आणि लोकांना सांगितलंत, गुडघे दुखतात. तुमचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत. तुम्ही तिला खांद्यावर टाकून रोज सॅंकी तळ्यापर्यंत नेत होतात, दुखऱ्या गुडघ्यांनी. तिला गोवर आला तेव्हा तुम्ही तिच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसलात आणि मलाही आत सोडेनात, का तर मी ऑफिसातून धूळ घेऊन येते. ती 'अज्जा' म्हणायला शिकली त्यानंतर कितीतरी दिवसांनी 'अम्मा' म्हणाली, आणि ते तुम्ही घरात मला उठताबसता ऐकवत सुटलात. हे सगळं तुम्ही दाखल्यावर नाव होतं म्हणून केलंत का? तुम्हाला दाखला दिसलाही नसता तरी केलं असतंत.

मी काय केलं असतं हो तुम्ही नसता तर? हे मी कधी मोठ्यानं बोलले नाही. आज लिहिते. मी मोडले असते, अप्पा. मी ऑफिसात हसते, बढती घेते, भाजीवाल्याशी भांडते, ते सगळं तुमच्या जिवावर. तुमचे उपकार मानायला गेले तर शब्द पुरणार नाहीत, आणि मानले नाहीत तर मी माणूस नव्हे.

आता एक गोष्ट बघा, ती मला कालच सुचली. त्या कागदानं तुम्हाला काही दिलेलं नाही, उलट काढून घेतलं आहे. तुम्ही पडलात सरकारी कागदापुढे मान तुकवणारे. दाखल्यावर बाप लिहिलंय, मग चारचौघांत आजोबा कसं म्हणायचं? म्हणून तळ्यावर कुणी विचारलं, "यार मगु, कुणाचं मूल हे, रावसाहेब?" की तुम्ही म्हणता, "आमच्या घरचं मूल." ही माझी नात, असं बाहेरच्या माणसाला तुम्ही सांगितलेलं मी एकदाही ऐकलेलं नाही. बाप तर तुम्ही म्हणवून घेऊच शकत नव्हता. म्हणजे ना बाप, ना आजोबा. कागदावर नाव आणि बाहेर तुम्ही नुसते शेजाऱ्यासारखे. अशा नावाचं काय करायचं?

तिला घेऊन कुणी कुठं जाणार नाही. वेणूला हेब्बाळचं घर आहे आणि मला हे. अर्जात नाव कसं लिहायचं ते ठरवताना मी त्याला विचारलं, आडनाव काय लावायचं? त्यांच्यात आडनाव नसतंच, नावाआधी गावाचं एक अक्षर आणि बापाचं एक अक्षर. तो त्याच्या मराठीत म्हणाला, "मधे मी बस्स झालो. शेवटी सुलाखे राहू दे. वाढवलं तर सुलाखेंनी." हे त्याचं म्हणणं, माझं नव्हे. तुम्ही त्याला पाच वर्षं रविवारवाला म्हणता, आणि तो हे म्हणतो.

तारीख अठरा मार्च आहे. अंजलीबाई म्हणाल्या, ह्या तारखेला गुंडूराव आले नाहीत तर समन्स काढावंच लागेल. ह्या वेळी मी त्यांना नाही म्हटलेलं नाही. मी तुमची मुलगी आहे, पण तिची आईही आहे. उद्या मोठी होऊन तिनं मला विचारलं, की सगळे तयार असताना तू माझ्या बापाचं नाव का लावून दिलं नाहीस, तर मी काय सांगू? तुझ्या अज्जाला वाईट वाटत होतं, असं?

या. तुम्हाला समन्स पाठवून मला नीट जेवण जाणार नाही.

तुमची,
मेघा

मल्लेश्वरम, २० मार्च २०२५

तीर्थरूप अप्पा,

तुम्ही आलात.

अंजलीबाई घड्याळ बघत होत्या, वेणू खिडकीपाशी उभा होता, आणि मी देवाचं नाव घ्यायचं सोडून मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. तेवढ्यात जिन्यावरून आत्याचा आवाज आला, "सावकाश रे, पडशील." इस्त्रीचं धोतर, वर माझ्यापेक्षा जुना कोट. माझ्याकडे बघितलंही नाहीत. सरळ जाऊन बाकावर बसलात, दुकान उघडायला आल्यासारखे.

तुम्हाला आत बोलावलं तेव्हा मी मागे होते, त्यामुळे तुमचं तोंड मला दिसत नव्हतं, आवाज मात्र येत होता. जज्जबाईंनी कन्नडात विचारलं, ह्या मुलीचे तुम्ही कोण? तुम्ही मान वळवून दाराकडे बघितलंत. मला वाटलं, संपलं. मग तुम्ही तुमच्या त्या खणखणीत दुकानातल्या कन्नडात बोललात:

"कागदावर मी बाप आहे, अम्मा. खरा बाप नव्हे. ही माझ्या मुलीची मुलगी. मी तिचा अज्जा."

बाईंनी विचारलं, मग इतकी वर्षं दुरुस्त का केलं नाही? बाकावर तुमच्या शेजारी बसून अंजलीबाईंनी तुम्हाला उत्तर शिकवलं होतं, की हॉस्पिटलची चूक लक्षात आली नाही. ते तुम्ही सांगितलंच नाहीत. म्हणालात, "लक्षात आलं होतं. राहू दिलं. बरं वाटत होतं, म्हणून."

अंजलीबाईंनी कपाळाला हात लावला. जज्जबाईंनी चष्मा काढून पुसला.

मग त्यांनी विचारलं, बाप कोण ते तुम्हाला ठाऊक आहे का? तुम्ही मागे वळलात आणि बोट दाखवलंत. "हा वेणुगोपाल. दर रविवारी येतो. पाऊस असला तरी येतो. एकदा अंगात ताप घेऊन आला, मी परत पाठवला. चांगला आहे." पाच वर्षांत तुमच्या तोंडून त्याचं नाव आलं ते एकदम कोर्टाच्या कागदावर. शेजारी बसलेल्या वेणूनं मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. आणि बाईंनी विचारलं, ह्यांचं लग्न झालंय का, होणार आहे का, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. तुम्ही म्हणालात, "ते त्यांचं ते बघतील. कोर्टानं मुलीचं बघावं."

जज्जबाई हसल्या. "सरी," म्हणाल्या, "मुलीचंच बघते." 

अप्पा, मी लहान असताना तुम्हाला मोठा माणूस समजत होते, सगळ्याच मुली समजतात. मग कॉलेजात गेले आणि तुम्ही कापडाचे दुकानदार झालात. परवा त्या खोलीत तुम्ही परत मोठे झालात. मला तुमचा अभिमान वाटला आणि तो अजून कमी झालेला नाही. ऑफिसात मी सगळ्यांना सांगितलं. ज्यांना दाखल्याची काही गोष्ट माहीत नव्हती त्यांनाही.

बाहेर आल्यावर वेणू तुमच्या पाया पडायला वाकला तर तुम्ही म्हणालात, "पायाचं राहू दे, रिक्षा बघ." त्यानं रिक्षा आणली आणि तुम्ही बसून गेलात. मला काही बोलूच दिलं नाहीत. मला कळलं, तुम्हाला तिथं रडायचं नव्हतं. मलाही नव्हतं. पण घरी का नाही आलात? अजून काही राहिलं आहे का? दिव्या विचारते, अज्जा आत्याकडे किती रुसणार? मी सांगते, अजून स्वल्प आहे शिल्लक.

कृतज्ञ,
मेघा

मल्लेश्वरम, ११ एप्रिल २०२५

तीर्थरूप अप्पा,

कोर्टाचा हुकूम हातात आला. अंजलीबाईंनी तो नोंदणी कार्यालयात दिला. नवा दाखला अजून यायचा आहे, तिथली माणसं म्हणतात या आठवड्यात, आणि त्यांचा आठवडा कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. मी त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसले होते.

त्याच्याआधी आज तुमचं पाकीट आलं.

आतलं वाचलं. रविवारी येता आहात. आत्यानं लोणच्याच्या दोन बरण्या दिल्यात, त्या मेट्रोत न्यायला जड होतील, तेव्हा वेणुगोपालला गाडी घेऊन पाठव, असं लिहिलं आहे. पाठवते. फोन केला तेव्हापासून तो गाडी धुतो आहे. हे पत्र तुम्ही निघायच्या आत पोचेल की नाही ठाऊक नाही, पण आज दारात जे झालं ते तुम्ही बघायला हवं होतं. तुम्ही नव्हता म्हणून लिहिते.

शिवाप्पा पोस्टमन फाटकापाशी येऊन थांबला. आपल्या घरी टपाल येतं ते गुंडूराव सुलाखे किंवा मेघाश्री सुलाखे ह्यांना, ह्या दोनच नावांना. हे तिसरं नाव त्यानं बघितलं, पाकीट डोळ्यांपासून लांब धरलं आणि मोठ्यानं वाचलं, "दिव्यश्री वेणुगोपाल सुलाखे. यारम्मा इदु? असं कोण राहतं इथं?"

मी घरातून ऐकलं आणि जागच्या जागी उभी राहिले. अप्पा, ते नाव आजवर कुणी उच्चारलेलंच नव्हतं. अर्जात होतं, हुकुमात होतं, पण ते कागद कपाटात. हाक मारल्यासारखं, गल्लीला ऐकू जाईल असं, ते पहिल्यांदा आज कानावर आलं. आणि ते तुम्ही लिहिलेलं, तुमच्या त्या टपोऱ्या कन्नड अक्षरात, बापाचं नाव मधे नीट बसवून.

दिव्या अनवाणी धावली. "नाने! नाने! मीच ती!"

शिवाप्पानं तिची थट्टा केली, एवढ्याशा मुलीला कोण पत्र लिहितं म्हणून. तिनं त्याला नाव परत वाचायला लावलं. त्यानं परत वाचलं, आता आणखी मोठ्यानं. तेवढ्यात समोरून सावित्रीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, काय चाललंय बघायला. दिव्यानं रस्ता ओलांडून पाकीट त्यांच्यापुढे धरलं आणि नावावरून बोट फिरवत एकेक अक्षर लावून वाचून दाखवलं. कुणी लिहिलं ते विचारायची वाट काही तिनं बघितली नाही.

"माझ्या अज्जानं," म्हणाली.

तुमची,
मेघा